गोव्याएवढं राखीव जंगल, आणि त्यातलेच ओंडके ट्रकमध्ये? (गयाना, इवोक्रामा)

वाशिष्ठीकाठचा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो पण एक गोष्ट डोक्यातून जाईना म्हणून शेवटी धागा काढतोय. लांबलाय, सांभाळून घ्या.

मी मूळचा चिपळूणचा, दीड वर्ष झालं गयानात जॉर्जटाऊनला आहे. (दक्षिण अमेरिकेतलं गयाना, आफ्रिकेतलं घाना नव्हे, आईला अजून दर फोनला सांगावं लागतं.) इथे समुद्रात तेल सापडल्यापासून आपल्याकडची बरीच माणसं कामाला आलीत, त्यातलाच मी. किनाऱ्यावर सगळं सपाट, भात, ऊस, कालवे, आणि भरतीचं पाणी गावापेक्षा उंच, भिंत घालून अडवलेलं. जंगल नावाला दिसत नाही. पण देशाचा ८५ टक्क्यांच्या आसपास भाग जंगलच आहे आणि माणसं अख्ख्या देशात मिळून आठेक लाख, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याएवढी.

तर गेल्या महिन्यात लेथेमला काम निघालं (ब्राझीलच्या बॉर्डरवरचं गाव). रात्रभर मिनीबसमध्ये हाडं खिळखिळी करत लाल मातीच्या रस्त्याने कुरुपुकारीला पोचलो, तिथे एसेकिबो नदी पाँटूनवर (गाड्या नेणारा सपाट तराफा) गाडी चढवून पार करायची असते, पहिली फेरी उजाडल्यावर, तोवर सगळे रांगेत घोरत. नदी ओलांडली की इवोक्रामा सुरू. पुढचा सत्तरेक किमी रस्ता नुसता जंगलातून, झाडं अशी की वर बघताना टोपी पडावी. ड्रायव्हर म्हणाला हे राखीव आहे, बाहेरच्याने शिकार करायची नाही, मासे मारायचे नाहीत, रात्री रस्ता बंद. मी म्हटलं वा, याला म्हणतात शिस्त.

आणि येताना त्याच पाँटूनच्या रांगेत आमच्या पुढे लाकडाचा ट्रक! ओंडके सरळसोट, माझ्या कमरेला लागतील एवढे जाड, प्रत्येकावर प्लास्टिकचा नंबर ठोकलेला. म्हटलं हे कुठलं? तर म्हणे इथलंच, इवोक्रामाचं. चोरीबिरी काही नाही, एकदम कायदेशीर.

आता मला सांगा, राखीव पण म्हणायचं आणि तोडायचं पण, हे नक्की काय प्रकरण आहे? ऑफिसातल्या गयानीज लोकांना विचारलं तर ते अभिमानाने सांगतात जगात नाव आहे त्या जंगलाचं. पाटी एक आणि काम एक, हे आपल्याला कोकणात नवीन नाही म्हणून शंका आली. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बायको आणि मुलगी (वय ९) येतायत, त्यांना घेऊन तीन दिवस तिथे राहायचा विचार आहे. जावं का? की आपण दिलेल्या पैशाने अजून चार झाडं पडायची?

करवत_काका

बसा, चहा घ्या, हे दोन ओळीत सांगण्यासारखं नाही.

मी त्या जंगलात गेलेलो नाही हे आधीच सांगतो. पण आयुष्य इमारती लाकडात गेलं, कांडल्याला आयातीच्या धंद्यात तीस वर्षं, आणि शेवटची काही वर्षं परदेशातली जंगलं बघून 'हे लाकूड नीट कापलंय की नाही' हे तपासणाऱ्या लोकांबरोबर हिंडलो. त्यामुळे इवोक्रामा कानावरून गेलेलं आहे.

तुमच्या गैरसमजाचं मूळ 'राखीव' या शब्दात आहे. आपल्याकडे अभयारण्य म्हटलं की काडी उचलायची नाही (कागदावर तरी). इवोक्रामा ते नव्हेच. १९८९ साली क्वालालंपूरला कॉमनवेल्थ देशांच्या प्रमुखांची बैठक होती, तिथे गयानाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष डेस्मंड हॉइट यांनी जवळजवळ दहा लाख एकर जंगल देऊ केलं, कशासाठी तर जंगल वापरून सुद्धा टिकतं का हे करून बघण्यासाठी. आकडा सांगायचा तर ३ लाख ७१ हजार हेक्टर. चौरस किलोमीटरमध्ये ३७१० धरा. गोवा राज्य ३७०२ आहे. म्हणजे पेडण्यापासून काणकोणपर्यंत अख्खा गोवा उचलून तिथे ठेवला तर फिट्ट बसेल. योजना आखायला जी तज्ज्ञांची समिती नेमली तिचे अध्यक्ष आपले एम. एस. स्वामिनाथन होते, हे कुणाला माहीत नसतं. १९९६ ला त्यांच्या संसदेने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला.

आणि त्या कायद्यातच जंगलाचे दोन भाग करायला सांगितलेत. साधारण अर्ध्याला हात लावायचा नाही. उरलेलं अर्धं 'वापराचं'. तुमचा ट्रक वापराच्या अर्ध्यातला. त्या अर्ध्यात सुद्धा सगळीकडे करवत चालत नाही, नदी-ओढ्यांचे काठ, उभे उतार, माकुशी लोकांच्या (तिथले आदिवासी) महत्त्वाच्या जागा वगळून जे उरतं तेवढ्यातच.

आता तोडतात कसं ते ऐका, खरी मजा त्यात आहे. ६० वर्षांचं चक्र असतं. म्हणजे तोडण्याजोगं जे क्षेत्र आहे त्याचा साठावा हिस्सा एका वर्षी घ्यायचा, काम झालं की गाशा गुंडाळून निघायचं, परत तिथे साठ वर्षांनी. घ्यायच्या आधी त्या तुकड्यातलं प्रत्येक मोठं झाड मोजतात, नंबर देतात, नकाशावर टिंब काढतात. मग ठरवतात यातली कुठली घ्यायची, हेक्टरी मोजकीच. दोन तोडलेल्या झाडांत ठराविक अंतर पाहिजे, नाहीतर वर मोठं भगदाड पडतं आणि ऊन सरळ जमिनीवर. पोकळ झाड, घरटं असलेलं झाड सोडायचं. झाड पाडायच्या बरेच महिने आधी त्याच्या वेली कापून ठेवायच्या, का तर पावसाच्या जंगलात वेलींनी दहा झाडं एकमेकांना बांधलेली असतात, एक पाडलं की ते शेजारच्या तिघांना घेऊन पडतं. आमच्या धंद्यात मी डोळ्यांनी पाहिलंय, एका ओंडक्यासाठी पाऊण एकर भुईसपाट. वेली आधी कापल्या आणि झाड कुठल्या बाजूला पाडायचं ते ठरवून खाच घेतली तर ते नुकसान पुष्कळ कमी होतं. ओंडका ओढून आणायची वाट पण आधी आखलेली, ट्रॅक्टर वाटेल तिथे घुसवायचा नाही.

तो प्लास्टिकचा नंबर म्हणजे टॅग. त्याचा एक तुकडा ओंडक्यावर आणि दुसरा मागे राहिलेल्या खुंटावर ठोकतात. बंदरातल्या ओंडक्यावरून जंगलातला खुंट शोधता आला पाहिजे. २००८ ला त्यांना एफएससीचं (जंगल जबाबदारीने सांभाळलंय का हे तपासणारी आंतरराष्ट्रीय संस्था) प्रमाणपत्र पण मिळालं होतं, ते फुकट मिळत नाही.

लाकूड बहुतेक ग्रीनहार्ट असणार. पाण्यात टाकलं तर बुडतं, इतकं जड. युरोपात धक्के, जेट्ट्या, कालव्यांची दारं यासाठी शंभर-दीडशे वर्षं मागणी आहे, खाऱ्या पाण्यातले किडे त्याला सहजी लागत नाहीत. करवतीच्या पात्याचं मात्र मातेरं करतं.

मिरगाचा_किडा

काका +१. माहितीपूर्ण.

दोन अवांतर. गयाना म्हटलं की मला फक्त क्रिकेट आठवतं, रोहन कन्हाय, लॉइड, चंदरपॉल. गावसकरांच्या मुलाचं नाव रोहन ते त्या कन्हायवरूनच. दुसरं, तो व्हेनेझुएलावाला लफडा त्याच भागात आहे ना? एसेकिबोच्या पश्चिमेचं सगळं आमचं म्हणतात ते. मग हे जंगल पण त्यात आलं. बायकापोरांना घेऊन जाताना जरा बघून.

देवरहाटी

काकांबद्दल आदर आहे पण मला हे सगळं फार गोड वाटतंय, म्हणून जरा मीठ घालतो.

मी सिंधुदुर्गातला. आमच्याकडचं बरंचसं जंगल खाजगी मालकीचं. माझ्या लहानपणी घरामागच्या डोंगरात किंदळ, ऐन, नाणा, जांभा, सगळं होतं. चुलत्यांनी ठेकेदाराला दिलं, कागदावर होतं की ठराविक घेराच्या वरचीच झाडं घ्यायची. पंधरा दिवसांत मनगटाएवढं पण काही उरलं नाही, आता तिथे काजू आहे. कागद अजून आमच्या पेटीत आहे, हवा तर फोटो टाकतो. तेव्हा ६० वर्षांचा प्लॅन वगैरे ऐकलं की मला तो कागद दिसतो.

माझे प्रश्न तीन आहेत. ग्रीनहार्ट हळू वाढणारं झाड. दोनशे वर्षांचं झाड नेलंत तर साठ वर्षांनी तिथे तेवढंच कसं सापडेल? हा साधा हिशोब मला कुणीतरी समजावून सांगा. दुसरं, लाकूड काढायला रस्ता लागतो आणि रस्ता झाला की जंगलाची वाट लागायला सुरुवात होते, लाकूडवाला गेला तरी रस्ता राहतो, मग शिकारी येतो, सोनं खणणारा येतो. गयानात सगळ्यात जास्त जंगल सोन्याच्या खाणींपायी जातंय हे त्यांचंच सरकार सांगतं. तिसरं म्हणजे तिथे राहणाऱ्या माणसांना कुणी विचारलं होतं का? १९८९ ला क्वालालंपूरमध्ये बसून 'घ्या दहा लाख एकर' म्हणताना त्या माकुशी लोकांतला कोण होता तिथे?

आता वापरून जंगल टिकतं का, तर टिकतं, मी नाही म्हणत नाही. आमच्या गावची देवरहाटी (देवाच्या नावाने राखलेलं रान) अजून उभी आहे. तिथलं झाड तोडता येत नाही असं लोक समजतात पण ते खरं नाही. देवळाचा वासा कुजला, तर गाव जमतो, गुरव देवाला कौल लावतो, देवाने उजवा दिला तर एक झाड. डावा दिला तर गप घरी. माझ्या आयुष्यात तीनदा तोडलेलं बघितलंय आणि एकदा डावा कौल आला तेव्हा देऊळ दोन पावसाळे ताडपत्रीखाली होतं. ते कशामुळे टिकलं, तर विकायला नाही म्हणून. विकायला सुरुवात झाली की कौल लावणारा गुरव पण ठेकेदाराचा होतो.

सुरणाची_भाजी

मी टोरांटोला असते, इथे गयानीज लोक प्रचंड आहेत. ऑफिसातल्या मैत्रिणीचं माहेर तिकडे, तिच्याबरोबर काही वर्षांपूर्वी गेले होते, इवोक्रामात दोन रात्री आणि मग सुरामा गावात दोन. त्यामुळे ऐकीव नाही, बघितलेलं सांगते.

आधी देवरहाटींच्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल. खरंय, सुरुवातीला फारसं कुणी विचारलं नव्हतं असंच आमचा सुरामाचा यजमान सांगत होता, लोकांना वाटलं होतं की आता आपल्याला हाकलणार. पण त्यांची शिकार, मासेमारी, रानातून पानं-साली आणणं हे हक्क त्या कायद्यात राखलेले आहेत. जंगलाच्या आत एकच गाव आहे फेअरव्ह्यू, आणि दक्षिणेला गवताळ रुपुनुनी सुरू होतं तिथल्या माकुशी गावांनी मिळून १९९६ ला स्वतःचं मंडळ काढलं. वनरक्षक, गाइड, झाडं मोजणारे पुष्कळसे याच गावांतले. सुरामाचं तर गेस्टहाऊस गावाचंच, पैसे गावाकडे, कोण स्वयंपाक करणार कोण होडी चालवणार हे पाळीपाळीने.

आणि यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट लाकडाची नाहीच, माशाची आहे. अरापाइमा म्हणून मासा असतो, दोन-तीन मीटर लांब, गोड्या पाण्यातला जगातला मोठ्यात मोठ्यांपैकी. जाळी आणि भाल्याने मारून मारून संपत आला होता. हा मासा हवा घ्यायला पंधरा-वीस मिनिटांनी वर येतो. ब्राझीलमध्ये मामिराउआला कोळ्यांनी त्यावरून माशांची मोजदाद करायची पद्धत बसवली होती, वर येतानाचा आवाज आणि पाण्याची हालचाल बघून सांगायचं किती आहेत आणि केवढे आहेत. तिथल्या कोळ्यांनी येऊन इथल्या कोळ्यांना शिकवलं. म्हणजे कालचे मारेकरीच आज मोजणारे! एका म्हाताऱ्या आजोबांच्या होडीत मी बसले होते, त्यांनी बोट वर केलं, काही दिसलं नाही मला, ते म्हणाले दोन, एक मोठा एक पोरगा. आणि मोजायला लागल्यावर संख्या वाढत गेली.

बाकी वाशिष्ठीकाठचा, तुम्ही कोकणातले आहात तर तुम्हाला तिथे परकं वाटणार नाही, खरंच सांगते. तिथे बुलेटवुड म्हणून अजस्र झाड आहे, ते आपल्या चिकूचं आणि रांजणाचं (खिरणीचं) सख्खं भावंड. सालीवर तिरक्या खाचा पाडून चीक काढायचे, त्याला बलाटा म्हणतात, पूर्वी मशीनचे पट्टे आणि गोल्फच्या चेंडूचं कव्हर त्याचं व्हायचं. माकुशी पुरुष महिनोन्महिने रानात जाऊन चीक काढायचे, प्लास्टिक आल्यावर धंदा बसला. आता त्या चिकाची छोटी छोटी माणसं, होड्या, मुंगीखाऊ असं बनवून विकतात, मी एक आजीबाई आणल्यात, भाकरी भाजतानाच्या.

भाकरी म्हणजे कसावाची. कसावा म्हणजे ज्याच्यापासून आपला साबुदाणा होतो तेच कंद! फक्त यांचा कडू जातीचा, कच्चा खाल्ला तर सायनाइडने माणूस मरेल. किसून मटापी नावाच्या वेताच्या लांब पिशवीत भरतात, ती खाली ओढली की आवळते आणि विषारी पाणी पिळून निघतं. ते पाणी सुद्धा टाकत नाहीत, उकळून उकळून काळा पाक करतात, कसारीप, मटणाच्या रश्श्यात घालायला. राहिलेल्या पिठाची भाकरी, नाहीतर भाजून रवाळ फरीन. मी चतुर्थीला फरीन दूध घालून खाल्लं, आईला सांगितलं साबुदाणाच आहे, खोटं नाही ना ते.

आणि काजरा! कोकणात ज्याच्या बिया विषारी तो काजरा (कुचला), त्याच्याच कुळातल्या वेलीपासून माकुशी लोक बाणाचं विष करायचे, त्यात त्यांचा हात कुणी धरायचं नाही. चार्ल्स वॉटरटन नावाचा इंग्रज १८१२ मध्ये ते विष मिळवायला एवढ्या लांब आत आला होता. जनावर मरतं ते स्नायू सैल पडून, श्वास थांबून. पुढे ऑपरेशनच्या वेळी स्नायू सैल करायची औषधं अशाच विषांवरून निघाली.

मुलीला जरूर न्या. झाडांच्या शेंड्यातून झुलते पूल आहेत, १५४ मीटरची वाट, सर्वात उंच ठिकाणी ३० मीटर. पहाटे जा, माकडांचा आरडाओरडा असा असतो की कुणीतरी ट्रक घाटात चढवतंय. जग्वार दिसेलच असं नाही, आम्हाला नाही दिसला, नुसता वाटेवर पंजा.

करवत_काका

@देवरहाटी, मीठ चांगलं घातलंत. खोटं कशाला बोलू, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'सापडणार नाही' असंच आहे. दोनशे वर्षांचं झाड साठ वर्षांत परत येत नाही, कुठलाच वनाधिकारी तसं म्हणणार नाही. हिशोब वेगळा असतो. ठराविक जाडीच्या खालची झाडं सोडलेली असतात, आज जे मधल्या वयाचं आहे ते साठ वर्षांत तोडायच्या जाडीला येतं. पण पहिल्या फेरीत जे मिळतं तेवढं दुसऱ्या फेरीत मिळत नाही, पहिल्या वेळी तुम्ही आजोबा-पणजोबांची साठवलेली ठेव मोडत असता. व्याजावर जगणं त्याच्यानंतर सुरू होतं आणि व्याज कमी असतं. शिवाय ग्रीनहार्टचं बी जड, झाडाच्या बुडाशीच पडतं, म्हणून ते घोळक्याने उगवतं. घोळक्यातली सगळी मोठी एकदम नेली तर तिथे परत यायला पिढ्या जातील. अंतराचा नियम त्यासाठीच.

रस्त्याचं म्हणाल तर इथे गंमत उलटी आहे. जॉर्जटाऊन-लेथेम रस्ता हा लाकडासाठी काढलेला नाही, तो देशाचा रस्ता आहे, जंगलाच्या मधून जातो आणि तो आता टप्प्याटप्प्याने डांबरी होतोय. मला विचाराल तर त्या जंगलाला करवतीपेक्षा त्या डांबराची भीती जास्त. आज रात्री गेट बंद होतं, खड्ड्यांमुळे ट्रक हळू जातात. उद्या ब्राझीलचा माल त्या रस्त्याने बंदराला जायला लागला तर गेटवरच्या माणसाचं कोण ऐकणार?

आणि पैसा. ही त्यांची कायमची दुखरी बाजू. सुरुवातीला देणग्या होत्या, नंतर सांगितलं स्वतःच्या पायावर उभे राहा. लाकूड, पर्यटक, ट्रेनिंग, संशोधक, सगळं करून बघितलं. २००८ ला लंडनच्या कॅनोपी कॅपिटल म्हणून कंपनीने त्यांच्याशी करार केला, की हे जंगल पाऊस पाडतं, कार्बन धरून ठेवतं, त्या सेवेची किंमत आम्ही विकू. त्या काळात त्याचा फार गाजावाजा झाला होता, पण पाऊस विकत घेणारं गिऱ्हाईक काही रांगेत उभं राहिलं नाही. मोठा पैसा आला तो अख्ख्या देशाच्या नावावर. २००९ ला नॉर्वेने २५ कोटी डॉलरपर्यंत द्यायचं कबूल केलं, आणि डिसेंबर २०२२ ला हेस या तेल कंपनीने किमान ७५ कोटी डॉलरची कार्बन क्रेडिट (जंगलाने धरून ठेवलेल्या कार्बनच्या विकत मिळणाऱ्या पावत्या) घ्यायचं ठरवलं, त्यातला १५ टक्के हिस्सा आदिवासी गावांना. तेल काढणारीच कंपनी जंगल उभं ठेवायचे पैसे देते, आता याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. वाशिष्ठीकाठचा, तुमचा पगार पण त्याच तेलातून येतो म्हणा :)

देवरहाटी

ठेव मोडण्याचं पटलं काका. हे असं स्पष्ट कुणी सांगत नाही. पण मग पाटीवर 'शाश्वत' लिहू नका, 'सावकाश' लिहा.

गडचिरोलीत मेंढा-लेखाने २००९ ला सामूहिक वनहक्क घेऊन बांबू स्वतः विकला, ते मला यापेक्षा जास्त भरवशाचं वाटतं. बांबू तीन-चार वर्षांत परत येतो आणि हिशोब ग्रामसभेत सगळ्यांसमोर होतो. साठ वर्षांचा हिशोब तपासायला ज्याने मांडला तो जिवंत नसतो.

वाशिष्ठीकाठचा

धागा वर काढतोय, जाऊन आलो! सगळ्यांचे आभार, विशेषतः सुरणाची_भाजी, तुमचं वाचून बायकोने साबुदाण्याचं मूळ बघायचंच असा हट्ट धरला.

आधी मिरगाचा_किडा, काही गडबड नाही, पोलिसांच्या दोन चौक्यांवर कागद बघितले एवढंच. रस्ता मात्र भयानक, लिंडेनपर्यंत डांबर, पुढे कुठे गुळगुळीत कुठे चंद्र, मुलगी तीनदा ओकली.

झुलत्या पुलावर बायको पहिल्याच फळीवर थांबली, मुलगी पळत पार. रात्री होडीतून टॉर्च मारला की केमनचे (तिकडची मगर) डोळे लाल लाल. वटवाघळांच्या नव्वदच्या आसपास जाती तिथे नोंदल्यात म्हणे, त्यातल्या निम्म्या आमच्या खोलीच्या छपरात असाव्यात.

आता मुद्द्याचं. मी आमच्या गाइडला (माकुशी, फेअरव्ह्यूचा) सरळच म्हटलं, मला झाड तोडलेली जागा बघायची आहे. तो हसला, म्हणाला टुरिस्ट जग्वार दाखवा म्हणतात, तू पहिलाच खुंट मागणारा. दुसऱ्या दिवशी जुन्या ओढवाटेने घेऊन गेला, सात-आठ वर्षांपूर्वी काम झालेला तुकडा. खरं सांगू, त्याने दाखवेपर्यंत मला कळलंच नाही की इथे काही झालंय. वाट म्हणजे नुसती जरा पातळ झाडी, रुंद पानांची, आपल्याकडे ओसाडीत वाढतात तसली पोरसवदा झाडं माझ्या दुप्पट उंच. खुंट माझ्या मांडीएवढ्या उंचीचा, शेवाळलेला, आणि टॅग होता! अर्धा तुटलेला, नंबर वाचता येत होता. काका, तुमची आठवण काढली.

पण देवरहाटी, तुमचीही आठवण काढली. वर बघितलं तर भोकाएवढं आकाश, आणि त्याच्या अवतीभवती ग्रीनहार्टची रोपं दिसतात का म्हणून गाइडला विचारलं, त्याने शोधून तीन दाखवली, वीतभर-हातभर. सात-आठ वर्षांत हातभर. म्हटलं बोंबला. तो स्वतः झाडं मोजायच्या कामावर होता एकेकाळी. त्याला विचारलं तुला काय वाटतं, तोडावं की नाही? म्हणाला लाकडाचं काम चालू असतं तेव्हा गावातली पोरं घरी असतात, बंद पडलं की सोन्याच्या खाणीवर जातात, तिथून मलेरिया आणि पारा घेऊन परत येतात. एवढंच बोलला आणि पुढे चालायला लागला, कारण मुलीच्या बुटावर मुंग्या चढल्या होत्या.

एक व्यावहारिक सूचना, पुढे कुणी येणार असेल तर: पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्या आणि ते पिवळं कार्ड जपून ठेवा. इथून भारतात परत जाताना कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत विमानतळावरून थेट क्वारंटाइन. आमच्यातल्या एकाचं झालंय, दिवाळी तिथेच.

देवरहाटी

छान लिहिलंस रे. खाणीवाला मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता, तो विचार करायला लावतो.

एक सांग, त्या पडलेल्या झाडाच्या फांद्या, शेंडा, त्याचं काय केलं होतं? ओंडका तर नेला.

वाशिष्ठीकाठचा

काहीच नाही, तिथेच पडलेलं. शेंडा अख्खा, खुंटापासून वीसेक पावलांवर, वर भूछत्रं उगवलेली. माझ्या मांडीपेक्षा जाड फांद्या होत्या, नुसत्या कुजत. गाइड म्हणाला कुजू द्यायचं असतं, आणि न्यायला तरी कोण येणार एवढ्या आत.

देवरहाटी

बघ. आमच्याकडे दोन दिवसांत त्याच्या मोळ्या होऊन बाजाराला गेल्या असत्या. खुंट सुद्धा उपटला असता, कोळशाला.

फोटो टाक त्या शेंड्याचा.

वाशिष्ठीकाठचा

टाकतो, बायकोच्या फोनमध्ये आहे आणि ती काल चिपळूणला पोचली. नेट आलं की मागून घेतो.